दुसऱ्या सहा गोळ्या

“खाली बघू नगंस. माझ्याकडं बघ,” रंगूमामा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत रिव्हॉल्वरचा खटका दाबला. नळी पुढे झुकली आणि आतली लाकडी काडतुसं उडून फरशीवर सांडली. डावा हात कमरेच्या चंचीत गेला. पहिल्या कप्प्यातली दोन भरली, दुसऱ्यातली दोन भरली. तिसऱ्या कप्प्यातलं एक बोटांतून निसटलं आणि घरंगळत भट्टीखाली गेलं.

“मेलीस,” मामा म्हणाले.

“मग जेवायला वाढू का?”

“मेलेलं माणूस वाढत न्हाय. पुन्ना कर.”

मी पदर खोचून भट्टीखालून काडतूस काढलं आणि पुन्हा केलं. त्या पावसाळ्यात माझं रोजचं हेच काम होतं. डाळ निवडताना, कणीक मळून झाल्यावर, मालक, म्हणजे माझे यजमान, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत असताना मामा मध्येच म्हणायचे, “संपल्या!” आणि मला हातातलं टाकून भट्टीच्या आडोशाला बसून रिव्हॉल्वर भरायला लागायचं. काडतुसं सुताराकडून करून घेतलेली होती. सराव चालू असेपर्यंत खरी वर कपाटात.

आम्ही गलाईवाले. खानापूर तालुक्यातली आमची माणसं दोन-तीन पिढ्यांपासून देशभर पांगलेली. सराफांकडचं जुनं सोनं-चांदी आणायचं, तेजाबात घालून, भट्टीत आटवून शुद्ध करून द्यायचं. माझं लग्न झालं तेव्हा आमचं दुकान उत्तरेकडच्या एका बाजारपेठेच्या गावात होतं. खाली दुकान आणि मागे भट्टी, वर दोन खोल्या. दारात तुळस होती, तीही गावाकडून ट्रकमधून आणलेली.

आदल्या वर्षी पलीकडच्या गल्लीत हिंदुराव देवकरांना त्यांच्याच गादीवर गोळी घातली. आमच्याच शिवेजवळचे ते. चांदीची एक लगड होती, तेवढ्यासाठी. त्यांची बायको मयत घेऊन टेम्पोतून गावाकडे गेली आणि परत आली नाही. नंतर पंधरवड्यात एक माणूस आमच्या दुकानी आला. काही घेतलं नाही, विकलं नाही. काट्याकडे बघत मालकांना म्हणाला, “दक्खिनवाले भैया, अब आपका नंबर है.” आणि निघून गेला.

मालकांनी लायसनसाठी अर्ज करायचं ठरवलं, पण त्यांच्या उजव्या हाताची बोटं तेजाबाने भाजून एकमेकांना चिकटलेली. चाप ओढता येणार नव्हता. म्हणून अर्ज माझ्या नावाने केला. कचेरीतल्या साहेबाने माझ्याकडे, मग कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं.

“आप चलाएँगी?”

“और कौन चलाएगा?” मी म्हणाले. माझं हिंदी तेवढंच होतं.

रिव्हॉल्वर आलं आणि मागोमाग रंगूमामा आले. माझ्या आईचे धाकटे भाऊ, पलटणीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. “लायसन मिळालं म्हंजे नेम आला आसं न्हाय,” म्हणत त्यांनी वळकटी सोडली ती कायमचीच. नेम त्यांनी मला महिन्याभरात शिकवला. पण त्यांचं खरं वेड पुढचं होतं.

“पयल्या सहा कुनीबी उडवतंय,” ते म्हणायचे. “भ्यालेलं माणूस मोजत न्हाय. सहाच्या सहा जात्यात. दुसऱ्या सहा कशा भरतीस, त्याच्यावर सगळं हाय.”

मग त्यांनी दुकानाचा नकाशाच पाठ करून घेतला. मालकांनी काय करायचं? लोळण घेऊन तिजोरीआड. मी कुठे बसायचं? कायम भट्टीजवळ, कारण भट्टीची भिंत दोन विटांची. भरायचं कुठे? त्याच भिंतीआड, गुडघ्यावर बसून. दारात उभं राहून कधीच नाही.

“चार उडवल्या, दोन ऱ्हायल्या. भरतीस का?”

“भरते.”

“मेलीस. आगं, हे उघाडलं की सगळीच बाहेर पडत्यात. त्या दोन बी जात्यात. दोन हायत तवर हात लावू नगंस.”

“आनि समोरच्याच्या हातात कट्टा आसला तर?”

“गावठी कट्ट्यात एकच गोळी. ती उडली की त्याला बी भरावं लागतंय. त्यो तुझ्यापेक्षा हळू भरतोय, ध्यानात ठेव.”

मी सगळं ध्यानात ठेवलं. रिव्हॉल्वर ठेवायला मी परकराला आतून कापडी कप्पा शिवला होता, वरून पदर. त्या बाजूने मी जरा फुगीर दिसायचे. शेजारच्या पंडिताइनने एकदा गालात हसत विचारलं, “कौन सा महीना है?” मी नववा म्हणून सांगितलं. पुढे तीन-चार महिने तो नववाच राहिला, तेव्हा तिने विचारणं सोडलं.

दुसऱ्या सहा गोळ्यांचं मात्र जमेना. पिशवीत ठेवल्या की एकमेकींत अडकायच्या, ओच्यात बांधल्या की गाठ सुटायची नाही. शेवटी मला आत्याबाईंची चंची आठवली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या गावाकडेच असायच्या, दसऱ्याला तेवढ्या आमच्याकडे यायच्या. त्यांनी मागच्या खेपेला आपली जुनी खणाची चंची इथेच सोडली होती. पान, सुपारी, कात, लवंग यांना वेगवेगळे कप्पे, वर गुंडाळायला नाडी. मी त्यातल्या तीन कप्प्यांत दोन-दोन गोळ्या घातल्या. मामांनी चंची हातात तोलून बघितली आणि पलटणीत असली वस्तू कुणाला सुचली नव्हती म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मी आयुष्यात एकदाच ऐकलं. पावसाळा सरला तशा तिच्यात लाकडी जाऊन खऱ्या गोळ्या आल्या. दिवसभर चंची कमरेला असायची आणि काम नसलं की जिन्याजवळच्या खिळ्याला.

त्या वर्षी दसऱ्याला आत्याबाई आल्या. सांगलीहून गाड्या बदलत, हळद, तिखट, शेंगाचटणी आणि भाकरीचं पीठसुद्धा घेऊन. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. शेतकरी विळे-कोयते पुजतो, तसं आम्ही सांडशी, मूस, काटा, वजनं पुजतो. त्या दिवशी भट्टी पेटत नाही. हत्यारं देवापुढे विसावा घेतात आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करूनच हातात येतात. रिव्हॉल्वरही हत्यारच. मी ते रिकामं करून, पुसून पाटावर ठेवलं. आत्याबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि नारळ फोडला.

आरती झाली तसे मामा म्हणाले, “शालन, भर ते.”

“आवं रंगूदादा, आज हात लावू ने त्येला,” आत्याबाई म्हणाल्या. “उद्या उचलायचं.”

“ईनबाई, चोराला आपलं पंचांग पाठ आसतंय. आज मराठ्यांची हत्यारं पाटावर हायत हे गल्लीतल्या कुत्र्याला बी ठावं हाय.”

“एक दिस देव राखंल की.”

“हिंदुरावाला राखला का?”

मालक दोघांच्या मध्ये नारळाच्या वाट्या घेऊन उभे. शेवटी मी रिव्हॉल्वर उचललं, देवाला हात जोडले, सहा गोळ्या भरल्या आणि कमरेच्या कप्प्यात टाकलं. दुपारी जेवताना आत्याबाईंनी मला दुसरी पुरणपोळी आग्रहाने वाढली नाही.

जेवणं झाल्यावर गावातल्या आमच्या चार-पाच मराठी घरच्या बायका हळदीकुंकवाला येऊन गेल्या. मी सगळा वेळ चुलीपाशी होते. मामा वरच्या आळीत पाटलांच्या दुकानी आरतीला गेले. जाताना मला म्हणाले, “चंची घे कमरंला.” मी खिळ्यावरची चंची काढून कमरेला बांधली. रोज बांधताना मी कप्पे चाचपायचे. त्या दिवशी हात पिठाचे होते.

ऊन उतरलं होतं. दुकानाचं फाटक अर्धं ओढलेलं. एका सराफाचा माणूस आटवून ठेवलेली चांदी न्यायला येणार होता, म्हणून तेवढे मालक गादीवर बसले होते. मी भट्टीजवळ वाती वळत होते.

तिघं आले. एक दारातच थांबला. पुढचा मालकांशी बोलला, “सेठ, चाँदी लेने आए हैं.” मालक त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. सराफाची माणसं त्यांच्या ओळखीची होती. “किसने भेजा?” असं त्यांनी विचारलं आणि त्या माणसाने शर्ट वर करून कट्टा काढला. दुसऱ्याच्या हातात सुरा होता.

“शालन!” मालक ओरडले आणि शिकवल्याप्रमाणे तिजोरीआड लोळले. कट्टा उडाला. मघाशी मालकांचं डोकं होतं तिथल्या लक्ष्मीच्या तसबिरीची काच फुटली.

मी उठले होते. कधी उठले ते मला माहीत नाही. मामांचं खरं होतं, मोजलं नाही. आवाज ऐकू आले ते माझे वाटलेच नाहीत. धुरात सुरेवाला पाठमोरा दिसला, दारातला तर आधीच पळाला होता. कट्टेवाला फाटकाच्या आतच पडला. मग नुसता चापाचा खटखट आवाज येत राहिला, तेव्हा कळलं की सहाच्या सहा गेल्या.

मी भट्टीच्या भिंतीआड गुडघ्यावर बसले आणि खटका दाबला. पुंगळ्या फरशीवर पडल्या. डोळे समोर, त्याच्यावर. तो कोपरावर उठायचा प्रयत्न करत होता. कट्टा त्याच्या हातातून सुटून गादीपलीकडे गेला होता, आणि रिकामा होता. हे मला कळत होतं. मांडीतून रक्त येत होतं, तेही दिसत होतं. तरी माझा डावा हात शांतपणे चंचीच्या पहिल्या कप्प्यात गेला. ते भरून मी काय करणार होते, हेही मला कळत होतं. पडलेल्या माणसाच्या छातीवर नेम धरणार होते. हिंदुरावांसाठी, तसबिरीसाठी, त्या ‘नंबर है’साठी. राग म्हणावा तर तसा राग नव्हता. डाळ निवडतानाही हात असेच चालायचे.

बोटांना गोल, खरखरीत काहीतरी लागलं. मी ते नळकांड्याच्या भोकाशी नेलं. जाईना. फिरवून बघितलं, दाबलं, तरी जाईना. टाकून दुसरं घेतलं, तेही तसलंच. दुसऱ्या कप्प्यात लवंगा आणि कात. तिसऱ्यात अडकित्ता.

तेव्हा मी खाली बघितलं. माझ्या गुडघ्यापाशी रिकाम्या पुंगळ्यांत दोन सुपाऱ्या पडल्या होत्या.

पुन्हा वर बघितलं तेव्हा तो माणूस वेगळा दिसला. विशी-बाविशीचा असेल. शर्टाची गुंडी भलत्याच रंगाच्या दोऱ्याने कुणीतरी शिवून दिलेली. एका पायातली चप्पल निघालेली. तो मालकांकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

“दीदी, पानी,” तो म्हणाला.

मी हलले नाही. उघडलेलं रिव्हॉल्वर हातात धरून तशीच बसले. जिन्यावर पावलं वाजली. आत्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन खाली येत होत्या. आवाज ऐकून कुणाला काय लागलं म्हणून त्यांनी हाताला येईल ते उचललं असावं. आधी त्यांनी मालकांना बघितलं. ते तिजोरीमागून हात वर करून “मला काय न्हाय, आई” म्हणाले. मग त्या पोराला बघितलं. फुटक्या काचांतून सरळ त्याच्यापाशी गेल्या, तांब्या त्याच्या तोंडाला लावला आणि आपल्या लुगड्याचा पदर टरकावून त्याची मांडी आवळली.

“शालन, आगं धर की हितं,” त्या म्हणाल्या. “रगात थांबंना.”

मी रिव्हॉल्वर भट्टीवर ठेवलं आणि धरलं. माझ्या तळव्याखाली त्याची नस उडत होती.

मामा धावत आले. त्यांनी कट्टा पायाने लांब सारला, दार बघितलं, मालकांना उभं केलं. मग भट्टीमागे गेले आणि तिथे बराच वेळ वाकून उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत काय होतं ते मी विचारलं नाही.

पोलीस आले. इन्स्पेक्टरने भिंतीवरच्या आणि फाटकावरच्या खुणा बघितल्या, पुंगळ्या उचलल्या, रिव्हॉल्वर ताब्यात घेतलं. “छह चलाईं. फिर?”

“फिर नहीं,” मी म्हणाले.

“अच्छा किया,” तो म्हणाला. “हमला करते आदमी पर चलाओ तो बचाव है. गिरे हुए पर चलातीं तो मैं आपको ले जाता.” त्याने चहा घेतला नाही, पुरणपोळी मात्र खाल्ली.

सगळे गेल्यावर आत्याबाईंना उलगडा झाला. दुपारी बायका आल्या, पानाचं सामान ठेवायला काही मिळेना. खिळ्यावर त्यांची स्वतःचीच चंची दिसली. आतल्या गोळ्या त्यांनी हळूच काढल्या, देवापुढच्या ताम्हणात ठेवल्या, त्यांनाही हळदकुंकू वाहिलं, कारण सकाळी त्या पुजायच्या राहिल्या होत्या. चंचीत सुपारी भरली, बायकांना पानं दिली आणि चंची होती तिथे टांगली. पाटावरचं एक हत्यार वेळेआधी उचललं गेलं होतं, निदान या सहा तरी दसऱ्यापर्यंत देवापाशी राहाव्यात, असंही त्यांच्या मनात होतं.

“माझ्या पानापायी सुनंचा जीव जाईत हुता,” त्या म्हणाल्या आणि कपाळावर हात मारून रडल्या. मालकांनी समजावलं, मामांनी समजावलं. मी फरशीवरच्या काचा गोळा केल्या. त्या रात्रीपासून आत्याबाईंनी पान सोडलं. लहानपणापासून पान खाणारी बाई, पण पुन्हा सुपारीला हात लावला नाही. गावाकडे गेल्या तरी नाही. कुणी पुढे केलं की म्हणायच्या, “नगं, मला सोसत न्हाय.”

खटला चालला. मी दोनदा साक्ष दिली, आत्याबाईंनीही गावाकडून येऊन एकदा दिली. त्या पोराला शिक्षा झाली. कोर्टात तो लंगडत आला, आणि जाताना त्याने माझ्याकडे नाही, आत्याबाईंकडे बघून मान हलवली. सुरेवाला दुसऱ्या कुठल्या तरी भानगडीत सापडला. दारातला कधी सापडला नाही. माझं रिव्हॉल्वर कोर्टातून सुटून परत मिळालं, तोवर पुन्हा दसरा जवळ आला होता आणि आत्याबाई आलेल्या होत्या.

मामांनी ते तेल घालून पुसलं. “आता गोळ्यांला चामड्याचा कप्पा करून घिऊ. चंची बास झाली.”

“कप्पा नगं,” मी म्हणाले.

“मग दुसऱ्या सहा कुठं ठिवणार?”

“देवापाशी. ताम्हणात.”

“वर?” मामा पुसायचे थांबले. “आनि भरायची येळ आली तर?”

“जिना चढून जाईन. घेईन. खाली यीन.”

“आगं, तवर काय हुईल, कळतंय का तुला?”

“तवर मला कळंल, भरायचं हाय का न्हाय ते.”

मामा ‘मेलीस’ म्हणतील असं वाटलं, पण म्हणाले नाहीत. खाली मान घालून पुन्हा नळी पुसायला लागले. त्यानंतर त्यांनी मला कधी “संपल्या!” म्हणून हाक दिली नाही.

मी चंची धुऊन वाळवली, कप्प्यांत सुपारी, कात, लवंग भरली, अडकित्ता घातला, विड्याची दोन पानं पुसून ठेवली आणि वर जाऊन आत्याबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“नगं गं. मला सोसत न्हाय.”

“आत्याबाई, ऐका,” मी म्हणाले. “त्या दिशी हिच्यात गोळ्या आसत्या, तर मी त्या पोराला मारलं आसतं. पडल्याला. पानी मागत हुता त्येला. मी ठरवलं हुतं. हात गेलाच हुता.”

खाली मालकांची सांडशी वाजत होती.

“तुमी माझा जीव घालवला न्हाय. त्येचा राखला. आनि माझा बी.”

आत्याबाईंनी चंचीची नाडी सोडली. माझ्या तोंडावरची नजर न काढता पहिल्या कप्प्यातून सुपारी घेतली, तिसऱ्या कप्प्यातून अडकित्ता काढला, आणि सुपारी कातरून अर्धी माझ्या हातावर ठेवली.